दिसलं काय आणि वाटलं काय

शरीराधारित मानसोपचाराच्या पदव्युत्तर वर्गात सुरुवातीलाच एक साधा सराव दिला जातो. दोघं समोरासमोर बसतात. एक जण दोन मिनिटं कालचा दिवस कसा गेला ते सांगतो, दुसरा नुसता बघतो आणि नंतर लिहून काढतो. नियम एकच, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. तरीही कागदावरची पहिली ओळ बहुतेक वेळा ‘ती अस्वस्थ होती’ किंवा ‘तो मोकळा नव्हता’ अशीच उतरते. शिक्षक विचारतात, अस्वस्थपणा नेमका कुठे दिसला? मग लेखणी अडखळते, आणि हळूहळू वेगळ्या ओळी येतात. उजवी टाच खालीवर होत होती. कामाचा विषय निघाल्यावर थांबली. खांदे श्वासाबरोबर वर जात होते, पोट हलत नव्हतं. अंगठा तर्जनीच्या नखावर फिरत होता.

या दोन प्रकारच्या ओळींमध्ये जे अंतर आहे, तिथेच हे सगळं शिक्षण घडतं असं माझं ठाम मत आहे. सोमॅटिक सायकॉलॉजी, म्हणजे हेच शरीराधारित मानसशास्त्र, शिकायला येणारी माणसं बहुधा संवेदनशील असतात. समोरच्याच्या अंगावरचं त्यांना पटकन दिसतं, आणि त्याचा अर्थही तितक्याच पटकन लागतो. हा पटकन लागलेला अर्थ बाजूला धरून ठेवणं त्यांना शिकावं लागतं, आणि ते अवघड जातं. एखादा अभ्यासक्रम चांगला की वाईट हे ठरवताना मी आधी हेच पाहीन, की त्यात या धरून ठेवण्याला किती तास दिले आहेत आणि ते कुणाच्या देखरेखीखाली.

ही अडचण या शास्त्राच्या जन्मापासूनची आहे. एक धारा विल्हेल्म राइश यांच्यापासून निघते. माणसाचा स्वभाव त्याच्या स्नायूंमध्ये चिलखतासारखा घट्ट बसलेला असतो, ही कल्पना त्यांनी १९३० च्या दशकात मांडली. त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन यांनी १९५० च्या दशकात बायोएनर्जेटिक्स या शरीरावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीची उभारणी केली आणि शरीराच्या ठेवणीवरून स्वभावाचे पाच प्रकार सांगितले. या धारेत थेरपिस्ट शरीर वाचतो. दुसरी धारा बर्लिनच्या एल्सा गिंडलर यांची. त्या विद्यार्थ्यांना उभं राहणं, बसणं, श्वास घेणं यांतली स्वतःची जाणीव शोधायला लावत, आणि काय सापडायला हवं ते सांगत नसत. त्यांच्या शिष्या शार्लट सेल्वर यांनी हे काम अमेरिकेत नेलं. पुढे शिकागो विद्यापीठात कार्ल रॉजर्स यांच्यासोबत काम करणारे यूजीन जेंडलिन यांनी उपचाराच्या सत्रांची ध्वनिमुद्रणं अभ्यासली. ज्यांना फायदा झाला ती माणसं बोलता बोलता अडत, आत काहीतरी अस्फुट जाणवतंय तिथे थांबत आणि त्यासाठी शब्द चाचपत, असं त्यांना आढळलं. या धारेत वाचणारा थेरपिस्ट नसतोच, ज्याचं शरीर तोच वाचतो.

अभ्यासक्रमांत या दोन्ही धारा शिकवतात आणि शिकवाव्यातही. पण खांदे पुढे झुकलेले दिसले की ‘याला लहानपणी आधार मिळाला नाही’ असं म्हणणारा विद्यार्थी पहिल्या धारेतली सगळ्यात कच्ची गोष्ट उचलत असतो. खांदे झुकण्याला मणक्याचा बाक, उंच मुलीनं वर्गात चोरून बसण्याची सवय, दिवसाचे आठ तास पडद्यासमोर, दमा, फुप्फुसाचा आजार, अशी कितीतरी कारणं असतात. स्वभावाचे प्रकार परीक्षेपुरते पाठ करावेत आणि माणसासमोर बसताना वहीत ठेवून यावेत.

आता व्यवहाराची बाजू, कारण इथे फसगत मोठी होते. पदवी, परवाना आणि पद्धतीचं प्रमाणपत्र या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि माहितीपत्रकांत त्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. कोलोरॅडोतल्या बोल्डरचं नरोपा विद्यापीठ आणि सॅन फ्रान्सिस्कोची कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रल स्टडीज ही या विषयातली जुनी नावं. पहिल्या ठिकाणी ख्रिस्टीन कॉल्डवेल यांनी आणि दुसऱ्या ठिकाणी डॉन हॅनलन जॉन्सन यांनी हा अभ्यासक्रम घडवला. अशा ठिकाणची एम.ए. ही मुळात समुपदेशनाची पदवी असते आणि शरीराचा भाग तिच्यात विणलेला असतो. कायद्याला फक्त समुपदेशनाचा भाग दिसतो. कॅलिफोर्नियात विवाह व कुटुंब थेरपिस्टचा परवाना हवा असेल तर ६० सेमिस्टर युनिटांची पदवी लागते. तिच्यात प्रॅक्टिकमची, म्हणजे शिकतानाच केलेल्या प्रत्यक्ष कामाची, किमान सहा युनिटं आणि २२५ तास, त्यातले १५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे. त्यानंतर, आधीचे काही धरून, देखरेखीखालचे एकूण ३,००० तास, किमान १०४ आठवड्यांत. त्यातले निदान १,७५० तास थेट समुपदेशनाचे, आणि या १,७५० मधले ५०० जोडप्यांसोबत, कुटुंबांसोबत किंवा मुलांसोबत. पदवीआधीचे जास्तीत जास्त १,३०० तासच धरले जातात. शेवटी दोन परीक्षा, एक कायदा व नीतीची आणि दुसरी क्लिनिकल. या सगळ्या यादीत ‘शरीर’ हा शब्द कुठेही येत नाही.

तासांची नोंद हा कंटाळवाणा विषय आहे, पण दुर्लक्ष केलं तर महाग पडतो. साधारणपणे अर्जाच्या आधीच्या सहा वर्षांतलेच तास मोजले जातात. पदवीनंतर असोसिएट (परवान्याआधी देखरेखीखाली काम करणारा थेरपिस्ट) म्हणून नोंदणीचा अर्ज ९० दिवसांच्या आत केला नाही तर मधल्या काळातले तास हातचे जाऊ शकतात. देखरेख करणाऱ्या सुपरव्हायझरने नोकरी सोडली आणि सह्या राहिल्या, तर त्या मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. दर आठवड्याला सही घ्यावी, प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. नियम बदलत असतात, त्यामुळे ज्या राज्यात किंवा देशात काम करायचं तिथल्या मंडळाचं त्या वर्षीचं नियमपत्रक स्वतः वाचावं, प्रवेश विभागाच्या तोंडी शब्दावर राहू नये.

युरोपचा साचा वेगळा. तिथे युरोपियन असोसिएशन फॉर सायकोथेरपीचं प्रमाणपत्र किमान सात वर्षांत ३,२०० तासांचं शिक्षण मागतं. पहिली तीन वर्षं विद्यापीठीय शिक्षणाची, पुढची चार एखाद्या विशिष्ट पद्धतीची. त्या चार वर्षांत विद्यार्थ्याला स्वतः घेतलेल्या उपचाराचे २५० तास आणि सुपरव्हिजनचे, म्हणजे देखरेखीखालच्या चर्चेचे, १५० तास भरावे लागतात. शरीराधारित उपचारांची युरोपीय संघटना १९८८ पासून आहे आणि तिचंही प्रशिक्षण याच आराखड्यावर बेतलेलं आहे.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. पीटर लेव्हिन यांचं सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग, पॅट ऑग्डेन यांची सेन्सरीमोटर सायकोथेरपी, रॉन कुर्ट्झ यांचं हाकोमी, अशा या शरीराधारित उपचारपद्धती. त्यांची प्रशिक्षणं टप्प्याटप्प्यांनी, अधूनमधून चार-सहा दिवस एकत्र जमून होतात. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगचं प्रशिक्षण तीन वर्षांचं असतं आणि त्यात मसाज करणारे, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक असेही लोक असतात. प्रमाणपत्र मिळालं म्हणून मानसोपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. आधीच्या परवान्यानं जे करता येतं त्यातच ते वापरायचं असतं. माझा सल्ला असा की पदवीच्या पहिल्या वर्षी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये. क्लायंट समोर बसायला लागले की नेमकं काय येत नाही ते कळतं आणि मग पद्धत निवडणं सोपं जातं. पैसे मर्यादित असतील तर आधी चांगलं सुपरव्हिजन विकत घ्यावं.

शरीरक्रियेचा तास हा मला या अभ्यासक्रमाचा कणा वाटतो, आणि नेमका तोच पुष्कळ ठिकाणी पातळ असतो. मेंदूला हृदय, फुप्फुसं, पोट यांच्याशी जोडणाऱ्या व्हेगस मज्जातंतूतले ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे जातात, हे वाक्य कार्यशाळांमध्ये हमखास ऐकू येतं. हा आकडा बराचसा १९३७ साली मांजरांवर झालेल्या अभ्यासाकडे जातो. दिशा बरोबर आहे, वरचा प्रवाह खरोखरच मोठा आहे. पण त्यावरून ‘म्हणून विचारांपेक्षा शरीराचं ऐका’ हा निष्कर्ष निघत नाही. तीच गोष्ट स्टीफन पोर्जेस यांच्या पॉलिव्हेगल सिद्धांताची. धोक्यात शरीर का गोठतं हे व्हेगसच्या शाखांवरून सांगणारा, १९९४ साली मांडलेला हा सिद्धांत क्लायंटला स्वतःच्या गोठण्याविषयीची लाज कमी वाटावी यासाठी फार उपयोगी भाषा देतो. मात्र त्यातल्या उत्क्रांतीविषयीच्या दाव्यांवर आणि श्वासाबरोबर बदलणारी हृदयगती हे व्हेगसचं थेट माप मानण्यावर शरीरशास्त्रज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. नुसता श्वासाचा वेग किंवा खोली बदलली तरी ते माप बदलतं. विद्यार्थ्यानं सिद्धांत आणि आक्षेप दोन्ही एकाच आठवड्यात वाचावेत.

आतल्या संवेदना किती अचूक कळतात हे मोजण्याची एक जुनी पद्धत आहे. नाडीला हात न लावता ठरावीक वेळ स्वतःचे ठोके मनात मोजायचे आणि ते ईसीजीशी ताडून पाहायचे. १९८१ पासून ती वापरली जाते. तिची अडचण अशी की आपली नाडी साधारण किती चालते हे ज्याला ठाऊक आहे, तो काहीही न जाणवता चांगले गुण मिळवू शकतो. वर्गात हा प्रयोग जरूर करावा. ‘मी माझ्या शरीराशी जोडलेला आहे’ या खात्रीचा आणि प्रत्यक्ष जाणवण्याचा संबंध किती सैल असू शकतो, हे अर्ध्या तासात कळतं.

सगळ्यात जास्त वेळ वैद्यकीय गोंधळांवर द्यायला हवा. सतत पाय हलवणारा, खुर्चीत टिकू न शकणारा माणूस चिंतेत असेल, किंवा मनोविकारावरच्या औषधानं त्याला अकॅथिसिया, म्हणजे स्वस्थ बसूच न देणारी तगमग, झाला असेल. हा औषधाचा दुष्परिणाम आहे. ‘त्या हालचालीसोबत राहा’ म्हणून तो उतरत नाही, त्याच दिवशी औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावं लागतं. थायरॉइड जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हातांची थरथर दिसते. बीटा ब्लॉकर (हृदयगती कमी करणारं औषध) घेणाऱ्याची नाडी आणि थरथर भीतीतही शांत राहू शकते. पार्किन्सन्समध्ये चेहरा कोरा दिसतो, आत भावना असूनही. छातीत दुखणं, नव्यानं आलेला बधिरपणा, अचानक भोवळ, यांचा अर्थ आधी डॉक्टर लावतील. म्हणून पहिल्याच भेटीत आजार, शस्त्रक्रिया, औषधं आणि त्यांचे डोस, झोप, चहा-कॉफी, जुनं दुखणं यांची नोंद घ्यायची आणि औषध बदललं की ती पुन्हा घ्यायची.

श्वासाच्या प्रयोगांचं तर वेगळंच. कुणी काही मिनिटं जलद आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि त्यातलं मुक्त कॅल्शियम कमी पडतं. मग ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं आत वळून आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे गरगरतं. हे रसायन ज्याला माहीत नाही तो याला ‘दबलेली भावना बाहेर पडतेय’ म्हणतो आणि अजून जोरात श्वास घ्यायला सांगतो. अपस्मार, हृदयविकार, गरोदरपण, पूर्वी भ्रम-भास झालेले असणं, यांपैकी काहीही असेल तर हे प्रयोग करूच नयेत. आणि एरवीही, जोरदार रडणं-ओरडणं झालं म्हणजे बरं वाटलं असं धरून चालू नये. पुढच्या आठवड्यातली झोप कशी होती ते विचारावं.

कौशल्य मात्र तिघांच्या गटात घडतं. एक थेरपिस्ट, एक क्लायंट, एक निरीक्षक. पंचवीस मिनिटं सत्र, दहा मिनिटं चर्चा, मग जागा बदलायच्या. क्लायंटने खरा पण मध्यम आकाराचा विषय आणायचा. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख पहिल्या सत्रात नेमका कुणीतरी काढतोच, आणि शिक्षकानं ते आधीच अडवायला हवं.

सत्राची साखळी तशी छोटी असते. बोलताना क्लायंटचा हात गळ्याशी गेला. थेरपिस्ट थोडक्यात तेवढंच म्हणतो, ‘आत्ता हात गळ्याशी गेला.’ मग थांबतो. दहा-पंधरा सेकंद. शिकणाऱ्याला ही शांतता असह्य होते आणि तो प्रश्न विचारून बसतो, बहुधा ‘का’ने सुरू होणारा. ‘का’ म्हटलं की माणूस जाणवणं सोडून कारण शोधू लागतो. थांबल्यावर क्लायंटची उत्सुकता दिसली, तर एकच प्रयोग सुचवायचा. तीच हालचाल निम्म्या वेगानं करून बघूया का? एका वेळी एकच, कारण दोन गोष्टी बदलल्या की फरक कशानं पडला ते कळत नाही. आणि ‘नको’ हे उत्तर मिळालं तर ते पूर्ण उत्तर असतं.

‘हे शरीरात कुठे जाणवतं?’ हा या क्षेत्रातला सगळ्यात वापरून गुळगुळीत झालेला प्रश्न. खूप लवकर विचारला तर तो परीक्षेसारखा वाटतो. ज्यांना आतल्या गोष्टींना नावं देता येत नाहीत त्यांना पर्याय द्यावेत. जड की हलकं, गार की गरम, हलतंय की स्थिर, की काहीच नाही. ‘काहीच नाही’ हा पर्याय यादीत असलाच पाहिजे, नाहीतर क्लायंट थेरपिस्टला बरं वाटावं म्हणून संवेदना तयार करतो. विद्यार्थ्यांच्या सत्रांत असं पदोपदी घडतं, आणि ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

आत लक्ष नेणं प्रत्येकाला मानवतं असंही नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे, ज्यांना घाबरगुंडीचे झटके येतात, त्यांना श्वासाकडे लक्ष दिल्यावर जास्त भीती वाटू शकते. नजर एका जागी खिळणं, उत्तराला उशीर होणं, रंग उतरणं, श्वास अडकणं ही खूण दिसली की आतलं काम थांबवायचं. डोळे उघडे, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं, पाय जमिनीवर दाबणं, गरज पडली तर उभं राहणं. डोळे मिटायला सांगणं ही इथली नेहमीची चूक. पन्नास मिनिटांच्या सत्रात शेवटची दहा मिनिटं परत बाहेर येण्यासाठी राखून ठेवायची, कितीही महत्त्वाचं काही निघालेलं असलं तरी. चाळिसाव्या मिनिटाला नवा दरवाजा उघडणारा थेरपिस्ट क्लायंटला त्याच अवस्थेत रस्त्यावर सोडत असतो.

स्पर्शाविषयी थोडं नीट सांगायला हवं. क्लायंटशी लैंगिक संबंध हा कॅलिफोर्नियात गुन्हा आहे. इतर स्पर्श तिथे कायद्यानं बंद नाही, पण काम देणाऱ्या अनेक संस्था तो पूर्ण बंद ठेवतात, आणि शिकणाऱ्यासाठी ते योग्यच आहे. आधी स्पर्शाशिवाय काम यायला हवं. क्लायंटचा हात त्याच्याच छातीवर, ढकलण्यासाठी भिंत किंवा उशी, ओढण्यासाठी टॉवेल, यांनी बहुतेक सगळं साधतं. पुढे स्पर्श करायचाच झाला तर कशासाठी, कुठे, किती वेळ हे आधी सांगायचं, लेखी संमती घ्यायची आणि तरी दर वेळी पुन्हा विचारायचं. तोंडानं ‘हो’ आणि त्याच क्षणी श्वास थांबला, खांदे मागे गेले, तर हात पुढे न्यायचा नाही. सत्रानंतर हे सगळं नोंदवहीत लिहायचं. ज्या थेरपिस्टला स्वतःला स्पर्शाची ओढ लागलेली आहे, त्यानं त्या दिवशी स्पर्श करू नये आणि सुपरव्हिजनमध्ये तेच आधी काढावं.

या शास्त्राचा पुरावा किती, हा प्रश्न विद्यार्थी टाळतात. टाळू नये. सोमॅटिक एक्सपिरियन्सिंगची पीटीएसडीवरची (आघातानंतरच्या मानसिक विकारावरची) एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून केलेली, २०१७ साली इस्रायलमधून प्रसिद्ध झाली. ६३ जण, १५ सत्रं. लक्षणं कमी झाली, पण तुलना प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होती. म्हणजे दुसऱ्या एखाद्या उपचारापेक्षा हा बरा का, याचं उत्तर त्यात नाही. दुसरी गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. स्किझोफ्रेनियातली उदासीनता, अबोलपणा यांवर गटातल्या बॉडी सायकोथेरपीचा २००६ साली लंडनमध्ये ४५ रुग्णांवर छोटा अभ्यास झाला आणि निकाल आशादायक आले. त्याच संशोधकांनी पुढे २७५ रुग्णांची अनेक केंद्रांवरची चाचणी केली, २०१६ साली ती प्रसिद्ध झाली. या वेळी दुसऱ्या गटाला पिलाटेस या व्यायामप्रकाराचे वर्ग दिले होते. दोन गटांत उपचाराच्या दृष्टीनं महत्त्वाचा असा फरक निघाला नाही. आपल्याच पद्धतीची इतकी कडक परीक्षा घेऊन न आवडणारा निकाल छापणारे हे लोक मला या क्षेत्राची शान वाटतात. अभ्यासक्रमात हा निबंध वाचायला देतात का, हे प्रवेशाआधी विचारावं.

आणखीही विचारावं. सुपरव्हायझर ध्वनिचित्रमुद्रण पाहतात की फक्त विद्यार्थ्यानं सांगितलेलं ऐकतात? सांगितलेल्या गोष्टीत स्वतःचा अडकलेला श्वास कधी येत नाही. तिघांच्या गटातल्या सरावाचे एकूण तास किती, आणि त्यातल्या कितींना शिक्षक प्रत्यक्ष हजर असतो? व्हीलचेअरवरचे, सतत दुखणं सोसणारे, ऑटिस्टिक विद्यार्थी इथे शिकले आहेत का, आणि ‘जमिनीवर पाय रोवा’ यासारख्या सूचना त्यांच्यासाठी कशा बदलल्या? वर्गात उघड केलेलं खाजगी दुःख गुण देणाऱ्या शिक्षकापर्यंत जातं का? स्वतःचा उपचार सक्तीचा असेल तर तो बाहेरच्या थेरपिस्टकडे घेता येतो का? एखादा विद्यार्थी क्लायंटसमोर बसायला तयार नाही असं दिसलं तर त्याला कोण, कोणत्या टप्प्यावर आणि कसं थांबवतं? शेवटच्या प्रश्नाला ‘आमच्याकडे अशी वेळ येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर अर्जाचे पैसे वाचवावेत आणि दुसरी संस्था पाहावी.